गिळून वाचणे

पुस्तकाच्या शेवटी जी शब्दसूची असते, ती कोणीतरी बसून करतं हे बहुतेकांच्या गावीही नसतं. आमच्या प्रकाशनात ती मी करते. ऑफिसात सगळे मला सूचीताई म्हणतात. नववीनंतर माझी शाळा सुटली, पण पुस्तकं सुटली नाहीत. आधी सूची, मग तळटिपा आणि जमलं तर मजकूर, असं मागून पुढे वाचत मी शिकले. कित्येक विद्वानही असंच वाचतात, फक्त ते सांगत नाहीत.

यंदाच्या नव्या पुस्तकांच्या यादीत मानव्यविद्या, शिक्षण आणि संस्कृती-अभ्यास मिळून सहा पुस्तकं होती. एकात संग्रहालयातल्या काचांबद्दल चिंतन होतं, एकात अंगाईगीतांचं राजकारण. एक नुसतं शाळेच्या घंटेवर. घंटा झाली की मुलं पळतात, एवढं सांगायला त्या लेखकाला साडेतीनशे पानं लागली होती. सहावं होतं ‘दाराबाहेरचे शिक्षण’. लिहिणाऱ्या प्राध्यापकबाई आता निवृत्त आहेत. शाळेतले शिपाई, सफाईवाल्या, पाणी भरणारे, असे वर्गाच्या बाहेर उभे राहून काय काय शिकतात, याचा त्यांनी तीस वर्षांपूर्वी अभ्यास केला होता. तो आत्ता कुठे पुस्तक होत होता.

पुस्तक शुक्रवारी छपाईला जाणार होतं. सोमवारी पक्की पानं माझ्या टेबलावर आली. माझी खोली म्हणजे गोदामाचा कापून घेतलेला तुकडा. एका बाजूला कागदाचे गठ्ठे, एका बाजूला मी, मध्ये बुटांच्या खोक्यात चिठ्ठ्या. एका शब्दाला एक चिठ्ठी आणि तिच्यावर पानांचे आकडे. कॉम्प्युटरवर सगळं होतं हे मला माहीत आहे. पण माझं डोकं चिठ्ठीवर चालतं, कॉम्प्युटरवर मी नंतर नुसती उतरवते.

पान १४३ वर एक वाक्य होतं. ‘मूल मनातल्या मनात वाचू लागते, त्या टप्प्याला आम्ही गिळून वाचणे म्हणतो.’

मी पेन्सिल खाली ठेवली.

गिळून वाचणे असं जगात एकच बाई म्हणायची. मी सहावी-सातवीत होते. घरी आले की पुस्तकात डोकं घालायची, आणि समोर बसलेली आई म्हणायची, “मोठ्यानं वाच की गं. एकटीच गिळतेस.” मी वाचायची नाही. तिला काय कळणार होतं, असं मला वाटायचं. तिला अक्षर येत नव्हतं.

ती माझ्याच शाळेत झाडू मारायची. मधल्या सुट्टीत मी तिच्या शेजारून अनोळखी माणसासारखी जायची. तीही झाडू थांबवून, भिंतीला टेकून मला वाट द्यायची, सगळ्या मुलींना देते तशीच. ऑफिसात कधी विषय निघाला तर मी सांगते, “आई शाळेत होती.” पुढचं लोक स्वतःच समजतात. मी त्यांची समजूत मोडत नाही. आईला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी मोडत नाही.

पान १८७ वर तो शब्द पुन्हा आला, आणि तिथे ती भेटलीच. ‘माहितीदार क्र. १७, सफाई कामगार, स्त्री.’ बस, एवढीच. आणि तिचा शब्द मात्र ‘आम्ही’च्या खिशात.

शुक्रवारपर्यंत हे बदलता येत होतं. त्यानंतर तो ‘आम्ही’ हजार प्रतींत जाऊन बसणार होता, कायमचा. पण बदलून मागायचं तर सांगावं लागणार होतं, ती कोण ते. मी चिठ्ठी लिहिली, ‘गिळून वाचणे, १४३, १८७’, आणि पुढच्या शब्दाकडे वळले.

हे सांगायला हवं, की त्या खोलीत माझ्याशिवाय कोणी बसत नाही. प्राध्यापकबाईंची भाषा कुठे कुठे फार गमतीची होती. ‘झाडू हे ज्ञानव्यवहाराचे सीमावर्ती उपकरण होय’ असं एक वाक्य आलं आणि मला हसू फुटलं. अर्धा क्षण गेला, आणि माझ्यामागेही कोणीतरी हसलं. मोठ्यानं नाही, नाकातल्या नाकात. मी वळून पाहिलं. कागदाचे गठ्ठे होते. दोन पानांनंतर पुन्हा हसले, पुन्हा तेच. माझ्या हसण्याच्या किंचित मागे, जणू माझं पाहून मग हसायचं ठरवलं होतं. मी पंखा बंद केला. मग मुद्दाम खोटं हसून पाहिलं. त्याला कोणी साथ दिली नाही.

मंगळवारी चिठ्ठ्या लावायला घेतल्या. ‘गिळून वाचणे, १४३, १८७, २१२.’ अक्षर माझंच. दोनाचा आकडा मी शेपूट वळवून काढते, तीही वळवलेली. २१२ काढून पाहिलं तर कोरं पान. आधीचं प्रकरण २११ च्या मध्यावर संपतं आणि नवं प्रकरण उजव्या पानावर सुरू करायची आमची रीत, म्हणून २१२ रिकामं सोडलेलं. कोऱ्या पानाचा आकडा सूचीत घालणं ही आमच्या धंद्यात वेडाची पहिली पायरी समजतात. मी तो खोडला आणि सूची टाइप करून दिली.

बुधवारी संपादक कागद हातात घेऊन दारात उभे. हे गृहस्थ कायम वैतागलेले असतात, पण मनानं लोण्याचे.

“ताई, २१२ कोरं आहे.”

“माहीत आहे. खोडलंय मी.”

“मग हे काय? कोऱ्या पानावर वाचकानं काय गिळायचं?”

खरंच होतं तिथे. ठळक, छापलेलं. मी त्यांच्यासमोर कॉम्प्युटरवर पुसलं.

“चष्म्याचा नंबर बघून घ्या,” ते जाता जाता म्हणाले. “आणि एकट्या हसत जाऊ नका. मला बाहेर दोघींचा आवाज येतो.”

त्या दिवशी मी ओठ मिटून काम केलं.

गुरुवारी दुपारी प्राध्यापकबाई शेवटची नजर टाकायला आल्या. काठी टेकत, पण चालणं शिस्तीचं. संपादकांनी त्यांना माझ्याच खोलीत बसवलं, कारण त्यांच्या टेबलावर जागा नसते. बाईंनी सूचीवरून बोट फिरवायला सुरुवात केली. ‘क’ झाला, ‘ख’ झाला. ‘ग’वर बोट थांबलं.

“२१२ तुम्हाला कोणी सांगितलं?”

मी वाकून पाहिलं. तो आकडा पुन्हा आला होता.

“चूक आहे, बाई. दोनदा काढला. ते पान कोरं आहे.”

“आता कोरं आहे,” बाई म्हणाल्या. “आधी तिथे सतरा नंबरच्या बाईंचं निवेदन होतं. दीड पान. गेल्या वर्षी मी काढून टाकलं. पण तो मसुदा माझ्या घराबाहेर कधी गेलाच नाही.”

संपादक दाराशी उभे होते.

“का काढलंत?” मी विचारलं.

“त्यांनी एक अट घातली होती. ती पाळायची माझ्याकडून राहून गेली. मग म्हटलं, निवेदन न छापलेलं बरं.”

“आणि शब्द ठेवलात.”

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. “तीस वर्षं तो शब्द शिकवला. शिकवता शिकवता मला तो माझाच वाटायला लागला. हे चांगलं नाही, कळतं मला.”

तेव्हा मी म्हटलं. संपादकांच्या देखत म्हटलं. “ती माझी आई. ती शाळेत झाडू मारायची.”

वाक्य केवढंसं. पण ऑफिसात ते मी कधी म्हटलं नव्हतं. संपादकांनी न विचारता पाण्याचा ग्लास माझ्यासमोर ठेवला आणि स्वतः कागदाच्या गठ्ठ्यावर बसले, तिथे बसायला त्यांनीच मनाई केलेली असताना.

बाईंच्या पिशवीत जुन्या टंकलिखित पानांची फाइल होती. त्यांनी दोन पानं काढून माझ्या हातात दिली. मी सवयीनं मनातल्या मनात वाचू लागले.

‘माझी लेक गिळून वाचते. ओठ हलत नाहीत, आवाज नाही. पुस्तकातलं सगळं पोटात जातं, बाहेर काही येत नाही. मी समोर बसून तिच्या तोंडाकडे बघते. कपाळाला आठी पडली की कळतं, काहीतरी अवघड आलं. ती हसली की कळतं, गमतीचं आलं. मग मी पण हसते. काय आलं ते मला ठाऊक नसतं. पण दोघींनी मिळून वाचल्यासारखं होतं.’

मागे वळून बघायचं धाडस मला झालं नाही.

‘शाळेत ती मला ओळख देत नाही. तिचं बरोबर आहे. आई मी घरी. शाळेत झाडूवाली. एका जागी दोन दोन कामं कशाला करायची? माझं नाव घालू नका, बाई. पोरी तिला चिडवतील. ती मोठी झाली की तिला विचारा. तिनं हो म्हटलं तर घाला. नाही म्हटलं तर तिच्यावर रागवायचं नाही, आधीच सांगून ठेवते.’

एवढ्यावर ते संपत होतं. ‘रागवायचं नाही’वर माझी नजर अडकून राहिली. तिला सगळं दिसत होतं. भिंतीला टेकून वाट देताना दिसत होतं, आणि ती माझ्या बाजूनं साक्ष देऊन आली होती, मला न सांगता.

“मी तुम्हाला शोधायला हवं होतं,” बाई म्हणाल्या. “दरवर्षी म्हणायची, पुढच्या वर्षी. आता विचारते. उशीर झालाय, तरी विचारते. त्यांचं नाव घालू का?”

ऑफिसातली माणसं माझ्या डोळ्यांसमोरून गेली. जिला मी ‘आई शाळेत होती’ म्हणून सांगितलं होतं ती हिशेबनीस, नववी झालेल्या बाईला ताई म्हणणारे लेखक. मग ती सगळी नाहीशी झाली. खोलीत तिघंच होतो. निदान खुर्च्यांवर तरी.

“घाला,” मी म्हटलं. “निवेदनही घाला. आणि १४३ वर ‘आम्ही’ नको. तिचा शब्द तिच्या नावावर करा.”

“उद्या छपाई आहे,” संपादक म्हणाले. मला वाटलं, आता हे नियम काढणार. पण ते बोटांवर मोजत होते. “२११ खाली अर्धं रिकामं. २१२ पूर्ण रिकामं. दीड पान. एक ओळही सरकत नाही.” त्यांनी सूचीचा कागद उचलला, त्या आकड्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मला परत दिला. “हा आता काढू नका.”

बाईंनी पेन्सिलीनं ‘आम्ही’वर रेघ मारली. समासात लिहायला कागद वळवून घेतला. “सांगा नाव. आडनावासकट.”

मी सांगितलं. त्या खोलीत, त्या इमारतीत मी ते पहिल्यांदाच उच्चारलं.

बाईंनी पहिलं अक्षर काढलं आणि पेन्सिल अधांतरी धरली. “वेलांटी पहिली की दुसरी? ऱ्हस्व की दीर्घ?”

माझं पोट त्याच कामावर चालतं. लोकांच्या वेलांट्या सुधारत मी वीस वर्षं काढली. आणि मला सांगता येईना. दवाखान्याच्या कागदावर एक होती, मृत्यूच्या दाखल्यावर दुसरी, दोन्ही परक्या कारकुनांनी काढलेल्या. तिनं स्वतः कुठे लिहिलंच नव्हतं. हजेरीपटावर अंगठा असायचा.

“लिहायला येत असतं तर तिनं कशी काढली असती?” मी म्हटलं. कोणाला विचारलं, कोण जाणे.

“म्हणून बघा,” बाई हळूच म्हणाल्या. “त्या म्हणायच्या तसं.”

दवाखान्यातल्या खिडकीपलीकडच्या माणसाला नाव सांगताना ती टाचा उंचावायची. एकदा सांगून आपल्याला कोणी ऐकत नाही, या अनुभवानं ती पहिलं अक्षर ताणून धरायची, आत बसलेल्यानं मान वर करेपर्यंत. मी उठून उभी राहिले. टाचा उचलल्या आणि मोठ्यानं नाव घेतलं, तिच्यासारखं, जरा लांबवून.

“दीर्घ,” मी म्हटलं. “थांबा हं बाई, लगेच लिहू नका. अजून एकदा म्हणते.”