बोटभर खूण

महालक्ष्म्या बसायच्या आत आपल्या पायावर उभं राहायचं, या एका हट्टापायी जिजाबाईंनी खुब्याचा सांधा लहान चिऱ्यातून बदलून घेतला. गांधीबाग सोडून घर मनीषनगरला आलं तरी महालक्ष्म्या थोरल्या सुनेचा, म्हणजे जिजाबाईंचाच मान होत्या. धाकट्या जावेनं, देवकीनं, आदल्या वर्षी मोठा चिरा देऊन हेच ऑपरेशन केलं, अन् पावसाळाभर पलंग सोडला नाही. जिजाबाई तिला हसायच्या.

"माही खूण पाह्य वं, बोटभर. तुही तं रेल्वेलाईन!"

"हसा बाई, हसा. मले तं उठाचंच भेव वाटते," देवकी म्हणायची.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "चिरा लहान असो की मोठा, आत बसवलेला सांधा तोच आहे. हाड त्याला धरेपर्यंत वॉकर सोडायचा नाही, खाली बसायचं नाही." जिजाबाईंनी मान डोलावली. पण माणसाचा विश्वास डोळ्यांना दिसतं त्यावर. वरची जखम सुकली, तसा वॉकर दाराआड गेला.

महालक्ष्म्यांच्या पत्र्याच्या कोठ्या त्या स्वतः भरायच्या. आत गहू ठासून भरला नाही, तर वर ठेवलेला मुखवटा डुलतो, नेसवलेली साडी घसरते. हे काम उकिडवं बसूनच होतं.

"राहू द्या न आई, मी भरते," सून काजल म्हणाली.

"तू भरली तवा धाकट्या महालक्ष्मीचा मुखवटा कलला होता. साऱ्या बायाइनं पाह्यला."

जिजाबाई उकिडव्या बसल्या. उठताना मांडीच्या आत काहीतरी खचल्यासारखं झालं. त्यांनी दात आवळले. दुखतं म्हटलं असतं तर कोठ्या देवकीच्या घरी गेल्या असत्या. सण पार पडला, गौरी उठल्या, तरी त्या बोलल्या नाहीत. पाय आखूड पडायला लागला तेव्हा सुशीलनं आईला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला. "सांध्याची दांडी हाडात खाली सरकली. हाडानं तिला धरलंच नाही."

"मंग पुन्हा बसवा न."

डॉक्टर सुशीलकडे पाहून बोलले, "पहिलंच ऑपरेशन यांच्या हृदयानं कसंबसं सोसलं. दुसरं झेपणार नाही."

"लहान चिऱ्यानं दगा देल्ला म्हना."

"चिऱ्याचा दोष नाही, आजी. मोठा चिरा असता अन् तुम्ही अशाच बसल्या असत्या, तरी सांधा सरकला असता."

मोठा चिरा असता तर मी बसलीच नसती, असं जिजाबाईंच्या ओठावर आलं. देवकीला तिच्या भीतीनं तारलं होतं, हे त्यांना आता कळलं.

पुढच्या भादव्याआधी देवकी कोठ्या न्यायला आली. नव्या खुब्यावर ताठ चालत आली.

"पाय बरा झाला का वापस आनून देतो, बाई."

"खोटं काहून बोलून राहिली वं? ने. अन् गहू ठासून भरजो."

रिकाम्या कोठ्या हलक्या होत्या. सुशीलनं दोन्ही हातात दोन उचलल्या. फरशीवर दोन गोल डाग तेवढे राहिले. ती जागा न्हाणीजवळ पडत होती, म्हणून संध्याकाळी काजलनं जिजाबाईंचा पलंग तिथं ओढून घेतला.