कर्ण्याच्या पुढची जागा

मिरवणुकीत सगळ्यात पुढे कर्णा असतो आणि कर्ण्याच्याही पुढे वन्सं. निदान गेल्या वर्षीपर्यंत तसं होतं.

कर्णा लाकडी आहे. तीन माणसं एकापुढे एक झोपवली तर भरेल एवढा लांब. लाकडाच्या पट्ट्या, त्यांच्यावर तांब्याची कडी आणि सांध्यांना मेण. तो किती जुना आहे यावर जाणकारांचं अजून एकमत नाही, पण ज्या रस्त्यावरून तो जातो त्या रस्त्यापेक्षा जुना आहे हे नक्की. एकट्याने तो वाजवता येत नाही. मागचा माणूस फुंकतो आणि पुढचा त्याचं रुंद तोंड खांद्यावर घेऊन चालतो. ही दोन्ही कामं पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात आहेत.

पुढचं काम वन्संचं. मागचं त्यांच्या धाकट्या भावाकडे जायचं होतं, पण त्याला लहानपणापासून दमा. मग सासऱ्यांनी एकदा नव्या सुनेला विझत आलेली शेगडी एका दमात पेटवताना पाहिलं आणि संध्याकाळी कर्णा तिच्या हातात दिला. त्याच संध्याकाळी वन्संनी भावजयीचं नाव फुंकणी ठेवलं. तेच आजवर चालत आलंय. नवराही तिला तेच म्हणतो, फक्त जरा हळू आवाजात.

घराच्या पुढच्या भागात छत्र्या आणि बॅगा दुरुस्त करायचं दुकान आहे, मागे दोन खोल्या. कर्णा कुठल्याच भिंतीवर मावत नाही, म्हणून दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीला वर एक भोक पाडलंय. कर्ण्याचं तोंड दुकानात लटकणाऱ्या छत्र्यांवर आणि बारीक टोक स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर. नवीन गिऱ्हाईक वर बघून विचारतं, एवढा मोठा पाइप कसला? भाऊ मशीनवरून मान न उचलता सांगतो, "आमच्या हिचा आवाज तिथून बाहेर जातो."

गेल्या उत्सवात कर्णा पडला. कारंज्याजवळच्या उतारावर दगड ओला होता. कर्ण्याचं तोंड आपटलं आणि त्याला बोटभर चीर गेली. लोक जमले. वन्सं काही बोलायच्या आतच फुंकणीने सांगून टाकलं, "माझा पाय घसरला. मीच ओढला गं बाई तो."

चीर बुजवली. आता दाखवल्याशिवाय दिसत नाही. पण वारसा विभागातल्या बाई परवा स्वतः दुकानात आल्या आणि स्टुलावर बसून म्हणाल्या, की आता कर्णा खांद्यावरून जाणार नाही. त्याच्यासाठी चाकांचा गाडा करून घेतलाय. पुढे दांडी धरायला विभागाचा माणूस असेल. गाडा जमला नाही तर कर्णा काचेच्या कपाटात जाईल आणि मिरवणुकीत त्याचं रेकॉर्डिंग वाजेल.

"मला तसं करायचं नाहीये," बाई म्हणाल्या. "पण पुन्हा पडला तर तो दुरुस्त होणार नाही."

बोलायला बाई सरळ होत्या, आणि त्यांचं चुकतही नव्हतं. त्यामुळे फुंकणीला भांडायला काही सापडेना. त्या गेल्यावर ती वन्संकडे वळली.

"ऐकलंत? म्हणजे तुम्हाला काढून टाकलं."

"बरं झालं," वन्सं एका बॅगेला चेन बसवत म्हणाल्या. "सुटले एकदाची."

"सुटलात काय! तो काय भाजीचा गाडा आहे का?"

"तुझ्या आवाजाकडे बघता, शोभेल."

कर्ण्याचं तोंड इतकी वर्षं उजव्या कानाशी असल्यामुळे वन्संना त्या कानाने कमी ऐकू येतं. फुंकणीला स्वतःशी बोलायचं असलं की ती त्यांच्या उजवीकडे जाऊन बसते. त्या दिवशीही बसली आणि उसवलेला पट्टा टाचता टाचता पुटपुटत राहिली, की सरावाच्या दिवशी या गाड्याच्या इतक्या खोड्या काढते, इतक्या काढते, की बाईंनी हात जोडून म्हटलं पाहिजे, घ्या बाई तुमचा खांदा परत.

"हे बघ, जरा बेतानं," भाऊ मशीनवरून म्हणाला. "खोड्या जास्त झाल्या तर खांदाही नाही नि गाडाही नाही. थेट कपाट."

"तुम्ही छत्री शिवा."

सराव नगरपालिकेच्या मागच्या पटांगणात होता. गाडा वेल्डरने स्वतः ढकलत आणला. हलका, रबरी चाकांचा, वर कर्ण्याच्या मापाची मऊ खोबण. वन्सं पायऱ्यांवर पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसल्या. त्यांना पायऱ्यांवर बसलेलं पाहायची कोणालाच सवय नव्हती. दोघा-तिघांनी विचारलं, बरं नाही का? "मला काय धाड भरलीय?" वन्संनी प्रत्येकाला तेच उत्तर दिलं.

भाऊला आवाज कितपत पोचतो ते बघायला रस्त्याच्या टोकाला पाठवलं.

फुंकणीने पहिला सूर काढला आणि मध्येच थांबली. "चाक कुरकुरतंय."

वेल्डरने तेलाचा थेंब सोडला. चाक गप्प झालं.

"खाली आहे. मान वाकवावी लागते."

वेल्डरने स्क्रू फिरवला, खोबण वर आली.

"आता हलतंय."

वेल्डरच्या खिशात रबराची चकती निघाली. बिचारा मनापासून काम करणारा माणूस. "अजून काय वाटतं ते सांगा ताई, आत्ताच करून टाकू," असं तो दर वेळी म्हणे, आणि दर वेळी फुंकणीचा एक मुद्दा कमी होई. शेवटी तिच्याकडे वाजवण्याखेरीज काही उरलं नाही. तिने छातीभर श्वास घेतला आणि सबंध सलामी वाजवली.

सलामी चांगली झाली. गाड्यावर कर्ण्याचं तोंड खांद्यापेक्षा थोडं वर राहत होतं, त्यामुळे आवाज मोकळा निघाला. पटांगणात टाळ्या पडल्या. तेवढ्यात भाऊ धापा टाकत परत आला. "स्पष्ट! अगदी स्पष्ट! एवढा खणखणीत तर कधीच—" फुंकणीने त्याच्याकडे असं काही पाहिलं, की तो उरलेलं वाक्य गिळून पाणी शोधायला लागला.

विभागातल्या बाई पुढे आल्या. त्यांचा आवाज मऊ होता. "मला दिसतंय, तुम्हाला हे आवडलेलं नाही. काय अडतंय ते सांगा ना. खरंच करू आपण."

"पुढे कोणी नाहीये," फुंकणी म्हणाली.

"आमचा माणूस आहे ना दांडीला."

दांडीवाल्याने कसनुसं हसून मान हलवली.

"तो आहे हो. चांगला आहे. पण वन्सं नाहीत." फुंकणीने कर्ण्याच्या टोकावरची ओल पदराने पुसली, उगाचच दोनदा पुसली. "गाड्यात काही खोट नाही, बाई. वाजतंही चांगलं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्या पाठीकडे बघत वाजवतेय. मला त्या पुढे पाहिजेत, एवढंच. याच्यावर तुमच्याकडे स्क्रू असेल तर फिरवा."

वेल्डर खाली बघायला लागला. बाई काही बोलणार, तोच पायऱ्यांवरून वन्संचा आवाज आला.

"बाई, तिचं ऐकू नका. गाडा कुणी मागितला ते सांगून टाका तिला."

वन्सं उठून गाड्यापाशी आल्या.

"मी मागितला."

"तुम्ही?"

"मी. कर्णा पडला त्यानंतर गेले होते बाईंकडे. तुला सांगितलं होतं दोरा आणायला चालले."

"रिकाम्या हाताने आला होतात," फुंकणी म्हणाली. "दुकान बंद होतं म्हणालात."

"हात बधिर होतो माझा. कोपरापासून खाली. कारंज्यापाशी तुझा पाय नव्हता घसरला. माझ्या हातून सुटला तो. तू चारचौघांत अंगावर घेतलंस आणि मी घेऊ दिलं. तोंडच उघडलं नाही. यंदा पुन्हा सुटला असता, तर पुन्हा तुझाच पाय घसरला असता. किती वेळा घसरणार गं तुझा पाय? लोक म्हणतील, बाई पिते की काय."

फुंकणी हसली नाही. "हात बधिर होतो हे मला ठाऊक होतं."

"कसं?"

"कर्णा दातांना लागलेला असतो माझ्या. तिकडे तुमचा हात थरथरला की इकडे दात वाजतात. दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं! मग बोलली नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

"मी मोठी आहे."

"म्हणून गप्प बसायचं?"

"मी एक सांगू का?" भाऊने तोंड घातलं.

"नको!" दोघी एकदमच म्हणाल्या.

मग वन्संनी पदर खोचला. "जे झालं ते झालं. गाडा राहू दे. कर्णा जपायला पाहिजे, त्यात मी आडवी येणार नाही आणि तूही येऊ नकोस. मी आपली इथे उभी राहते, तुझ्या बाजूला. सबंध आयुष्य तिकडे तोंड करून चालले. तू वाजवताना दिसतेस कशी, तेही कधी पाहिलं नाही. वाजव."

फुंकणीने डोळे टिपले, टोक ओठांना लावलं आणि दम भरला. गाल फुगले. मान आखडली. डोळे मोठे होत होत जवळजवळ बाहेर आले.

"अगं बाई!" वन्सं म्हणाल्या. "हे असं असतं?"

कर्ण्यातून म्हशीसारखा आवाज निघाला.

"वन्सं, हसवू नका."

"मी कुठे हसले? वाजव तू."

फुंकणीने पुन्हा दम भरला. वन्संनी ओठ घट्ट मिटले, पण नाकातून सूं आवाज आला. कर्ण्याने मान टाकली. तिसऱ्या वेळी वन्संनी तोंडावर पदर धरला आणि त्या खालीच बसल्या. "इतकी वर्षं... सगळा गाव हे बघतो... आणि मला कोणी सांगितलं नाही!" भाऊ एव्हाना गाड्याच्या आड जाऊन हसत होता. वेल्डरने पाठ फिरवली होती. विभागातल्या बाई खूप लक्ष देऊन आकाश बघत होत्या.

"उठा," फुंकणी म्हणाली. तिचा स्वतःचाही आवाज धड राहिला नव्हता. "उठा आधी. तुम्ही इथे उभ्या असताना मला जन्मात वाजवता येणार नाही. पुढे व्हा आणि तोंड तिकडे करा."

"पुढे काय करू? वजन तर गाड्यावर आहे."

"दांडी धरा."

वन्संनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी दांडीवाल्याकडे पाहिलं. तो आधीच बाजूला झाला होता.

"एका हाताने होतं," बाई म्हणाल्या. "उतारावर आमचा माणूस मागून धरेल. डाव्या हाताने जमेल तुम्हाला?"

वन्संनी डाव्या हाताने दांडी धरली, हलवून पाहिली आणि नाक मुरडलं. "ही तर पोरीबाळींनाही जमेल." मग त्या पुढे तोंड करून उभ्या राहिल्या, ताठ, वर्षानुवर्षं राहायच्या तशा.

फुंकणीने टोक ओठांना लावलं, पण फुंकलं नाही. समोरची पाठ अजून हसण्याने गदगदत होती. ती शांत होईपर्यंत सगळे थांबले.