प्रयागबाईंचं पोट मोजणारा ग्लास

मी नागपूरच्या एका दवाखान्यातला मापाचा जुना काचेचा ग्लास आहे, मित्रांनो. अंगावर अडीचशे मिलिलिटरपर्यंत रेघा आहेत आणि त्यांचा मला भारी तोरा! रोग्याच्या नाकातून जठरात नळी घालत, तासाभरात जेवढं आम्ल येईल तेवढं माझ्यात जमा करत. निरोगी माणसाचं माझ्या तळाशीच राही.

१९८० साली प्रयागबाई आल्या आणि मी थेट दोनशेच्या रेघेवर! नागपूरजवळच्या वाडी गावात त्या ट्रकवाल्यांसाठी खानावळ चालवत. पोटातली एक बारीक गाठ त्यांच्या जठराला सारखं आम्ल करायला लावत होती, आणि ती काही सापडेना. पूर्वी अशा वेळी अख्खं जठरच काढून टाकत. पण डॉक्टर मनोहरराव म्हणाले, "आम्ल कमी करणाऱ्या नव्या गोळ्या आल्या आहेत. आधी त्या देऊन पाहू."

मग ओळीने तीन मंगळवार सकाळी तपासणी झाली. तिन्ही वेळा दोनशे! गोळ्या लागू पडत नाहीत म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन ठरवलं.

"पोटच काढलं त मी जेवू कशी, डॉक्टरसाहेब?" बाईंचा चेहरा पार उतरला. मला फार वाईट वाटलं. माझाच आकडा त्यांच्या जठरावर उठला होता.

पुढच्या मंगळवारी त्या भरती झाल्या. सिस्टर पुष्पलता कागद भरत होत्या.

"शेवटची गोळी कधी घेतली, मावशी?"

"परवा, रविवारी."

"काल काहून नाही घेतली?"

"काल सोमवार होता न वं. माहा उपास रायते. जेवणासंगं घे म्हनलं होतं, अन् मी त जेवलीच नाही. फराळ थोडीच जेवण होते?"

सिस्टर ताडकन उठल्या आणि डॉक्टरांकडे धावल्या. उपास सोमवारी, तपासणी मंगळवारी! म्हणजे मी दर वेळी बिनगोळीचंच पोट मोजत होतो. डॉक्टरांनी ऑपरेशन थांबवलं. पुढचे चार दिवस प्रत्येक गोळी सिस्टरनी आपल्या हाताने दिली.

शनिवारी सकाळी पुन्हा नळी घातली. तास संपला. सिस्टरनी मला खिडकीपाशी उजेडात धरलं. अठरा! काय सांगू मित्रांनो, त्यांनी आनंदाने मला असं उंच नाचवलं, की मी पडून फुटतो की काय असं मला वाटलं.

गाठ होती तिथेच राहिली. गोळ्या जन्मभराच्या झाल्या, सोमवारीसुद्धा. पण बाई धडधाकट पोटाने वाडीला परतल्या.

आता मी कपाटात धूळ खात पडलोय. मला पुसलंत तर बरं वाटेल. पण त्याआधी समोरच्या माणसाला दोन शब्द विचारत जा. माझा आकडा तिन्ही वेळा अगदी खरा होता, आणि तरीही प्रयागबाईंचं पोट जाणार होतं.