मी थोरल्याच्या हाती गेलेच नाही

मी स्टॉलनेकरांच्या घरातली रायफल बोलतेय. अक्रोडाचा दस्ता, निळसर नळी. वय विचारू नका. सगळं आयुष्य अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात, स्वयंपाकघराच्या दारावरच्या खुंटीवर गेलं.

या घरची एक रीत आहे. बाप गेला, की हरणाच्या शिकारीचा हंगाम उघडतो त्या सकाळी, न्याहारीच्या टेबलावर मला थोरल्या मुलाच्या हाती द्यायचं. म्हातारा होबार्ट उन्हाळ्यात गेला. त्याचा भाऊ एमोरी, म्हणजे सगळ्यांचे काका, यांनी मला खाली काढलं, रिकामी असल्याची खात्री केली आणि ताटांवरून थोरल्या डेल्बर्टपुढे धरलं.

डेल्बर्टचे हात खिशातच.

कारण मला माहीत होतं. फार वर्षांपूर्वी त्याची बायको ट्वायला सुजलेल्या गालाने याच दारात येऊन उभी राहिली होती. कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला. शिक्षा थोडक्यात आटोपली, ट्वायला कायमची निघून गेली. पण देशाचा कायदा असा, की बायकोला मारल्याचा गुन्हा शाबित झाला, की बंदूकच काय, काडतूसही बाळगायचं नाही. होबार्ट मात्र सगळ्यांना सांगायचा, पोराचा गुडघा दुखतो, म्हणून शिकारीला येत नाही.

"घे की," काका म्हणाले. "हात काय बायकोकडे गहाण ठेवलेस?"

सगळे हसले. घेतलं तर तुरुंग, नाही घेतलं तर मेलेल्या बापाचा अपमान. त्याचा उजवा हात अर्धा बाहेर आला. माझा जीव नळीत गोळा झाला.

"तिच्यावरच हात उचलला होता, काका," तो म्हणाला. "म्हणून हिला हात लावायला मला कायद्याची बंदी आहे. गुडघा धडधाकट आहे माझा."

काकांचा चेहरा पडला. "इथे कोण बघतंय? सरकार काय टेबलाखाली बसलंय?"

"आता तुम्हाला ठाऊक झालंय. तरी दिलीत तर तुम्हीही आत जाल."

धाकटी लोर्ना उठली. या घरातल्या मुलींनी मला आजवर फक्त पुसलं होतं. "द्या इकडे," ती म्हणाली. "दादा इथे राहतो, तेव्हा ही इथे नको. माझ्या घरी नेते."

आता मी तिच्या कपाटात कुलपाआड असते. तिचा नेम चांगला आहे. पण मला डेल्बर्टचा हात हवा होता, खोटं कशाला बोलू. तुम्हाला ट्वायला कुठे भेटलीच, तर तिला एवढं सांगा: त्या सकाळी तो हात परत खिशात गेला.