ज्याची चूक, त्याचा केक

आमच्या ऑफिसात नियम आहे: ज्याची चूक, त्याचा केक. तीन वाजता लांब टेबलाभोवती सगळे बसतात, चुकणारा स्वतः केक कापतो, बाकीचे त्याची यथेच्छ टर उडवतात, आणि केक संपला की विषय संपला. नंतर त्या चुकीबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही. डेन्मार्कमधल्या ऑर्हूस शहरातल्या या ऑफिसात मी किती केक खाल्ले त्याला गणती नाही. आणला मात्र एकही नाही, कारण माझं काम चुका शोधण्याचं.

घरोघरी जाणाऱ्या नर्सेससाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. आज कुणाकडे जायचं, कुठलं औषध द्यायचं, ते त्यांना फोनवर दिसतं. मी तपासून ‘हो’ म्हटल्याशिवाय पूर्वी काही बाहेर पडत नसे. त्यामुळे मी कुणाच्या टेबलापाशी गेले की तो आधी विचारायचा, “कुठला केक आणू?” हसतच विचारायचा, पण बस म्हणायचा नाही. दर शनिवारी ही मंडळी समुद्रात थंडगार डुबकी मारायला जातात. सोमवारी त्याच्याच गप्पा. मला कधी कुणी ये म्हटलं नाही. घरी म्हणावं तर हेनिंग, माझा नवरा, जाऊन सहा वर्षं झाली. खरंच सांगते, शनिवार-रविवारी माझा आवाज मलासुद्धा ऐकू येत नाही.

मग अस्गर साहेब म्हणून आला. म्हणाला, “व्हिबेके, यापुढे दर्जा ही सगळ्यांची जबाबदारी. तुझ्या एकटीच्या डोक्यावर ओझं कशाला?”

“सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही, अस्गर.”

“बदलाची भीती वाटते का तुला?”

राग मला गिळता येतो, पचत मात्र नाही. त्या दिवसापासून माझ्या ‘हो’ची कुणाला गरज उरली नाही.

जानेवारीतल्या एका गुरुवारी संध्याकाळी माझ्या दाराची बेल वाजली. माझ्या दाराची बेल! बाहेर एक तरुण नर्स, नाक थंडीने लाल.

“खालचे लॉरिट्स दार उघडत नाहीत हो. त्यांना इन्सुलिन द्यायचंय.”

“ते गेल्याच महिन्यात व्हिब्यू उपनगरात राहायला गेले.”

“पण फोनवर तर हाच पत्ता आहे. मी बदलीवर आलेय, रोजची नर्स आजारी आहे.”

म्हणजे माणसाने घर बदललं तरी नर्सच्या फोनवर जुनंच घर. रोजच्या नर्सला नवं दार ठाऊक, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी लॉरिट्सला फोन लावला. म्हातारा चिडलेला होता, पण ठीक होता. नर्स पळत खाली गेली.

शुक्रवारी सकाळच्या बैठकीत मी हे सांगितलं. पत्त्यांचा भाग येप्पेने लिहिला होता. ते मला माहीत होतं, त्यालाही होतं. पण तपासायचं सगळ्यांनी होतं, म्हणून कुणीच तपासलं नव्हतं. सगळा बारभाई कारभार. जो तो आपल्या कॉफीत बघत राहिला.

“चूक आपल्या सगळ्यांची,” अस्गर म्हणाला.

“मग केक कुणी आणायचा?” ट्रीनेने विचारलं. कुणी हसलं नाही.

“मी आणते,” मी म्हणाले. “माझी चूक. माझ्या नजरेतून सुटलं.”

का म्हणाले? टेबलाच्या मधोमध एकदा तरी बसायचं होतं मला, दुसरं काय!

सोमवारी केक नेला, वर खोबरं आणि तपकिरी साखर भाजून घातलेला, हेनिंगच्या आवडीचा. काय सांगू त्या दुपारची मजा!

“अरे, खिडक्या उघडा, व्हिबेके चुकली!” ट्रीने ओरडली.

“इतकी वर्षं नाकाने कांदे सोलत होतीस ना?” येप्पे म्हणाला आणि त्याने आपली खुर्ची सरकवून मला शेजारी बसवलं. “शनिवारी ये समुद्रावर. किंचाळलीस तर पुन्हा केक.”

“किंचाळशील तूच,” मी म्हणाले, आणि सगळे खो खो हसले. माझ्या बोलण्यावर! घरी जाताना मी जाडजूड नवा टॉवेल घेतला.

घरी येऊन बूट काढतेय तोच बेल वाजली. दुसरी बदली नर्स. तोच प्रश्न.

चूक कुणी दुरुस्तच केली नव्हती. मी अंगावर घेतली म्हणून त्यांना वाटलं, आता व्हिबेके बघेल. मला वाटलं, येप्पे गुपचूप करून टाकेल, आणि ‘केलंस का?’ असं विचारून मला पुन्हा ती जुनी व्हिबेके व्हायचं नव्हतं. मी फोन केला तेव्हा लॉरिट्स धड बोलत नव्हता, शब्द अडखळत होते. नर्स वेळेत पोहोचली. मी मात्र फोन हातात धरून दारातच बसून राहिले.

मंगळवारी सकाळच्या बैठकीत मी उभी राहिले.

“नर्स पुन्हा माझ्या दारात आली होती.”

“व्हिबेके,” ट्रीने हळूच म्हणाली, “केक खाऊन झालाय.”

“खाल्ला असेल. ती चूक माझी नव्हती. पत्त्याचा भाग येप्पेचा आहे, आणि तो आज दुरुस्त झाला पाहिजे. आणि अस्गर, बाहेर जाणारं सगळं आधी मी बघणार. ओझं माझं मला परत दे.”

येप्पे लालबुंद झाला. “मग शुक्रवारी कशाला खोटं बोललीस?”

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते बैठकीत सांगण्यासारखं नव्हतं.

दुपारपर्यंत त्याने दुरुस्ती केली. मी तपासली आणि ‘हो’ म्हटलं. शुक्रवारी त्याने दुकानातला केक आणून टेबलावर ठेवला आणि आपला तुकडा घेऊन जागेवर निघून गेला. एकेक करत बाकीचेही उठले. शनिवारबद्दल कुणी काही बोललं नाही.

टॉवेलवरची किमतीची चिठ्ठी अजून काढलेली नाही. त्या शुक्रवारी संध्याकाळी नर्स यायच्या वेळेला मी दाराजवळच खुर्ची घेऊन बसले. बेल वाजली नाही. वाजायला नकोच होती. तरी स्वयंपाक थंड होईपर्यंत मी तिथेच बसून होते.