झोपेत बोललेलं

"ऱ्हाऊ दे. नको मला."

जयवंतने मळलेली तंबाखू पुढे केली, तसा कुशाबाने हात मागे घेतला.

"का रे, सोडलीस?"

"सोडली म्हण."

खोटं! साफ खोटं! गाल चांगला फुगलेला दिसत होता की. म्हणजे तंबाखू सोडली नव्हती, जयवंतच्या हातची सोडली होती. मिलमध्ये शेजारशेजारच्या मागांवर बारा वर्षं, लालबागच्या या चाळीत भिंतीला भिंत लावून पस्तीस वर्षं, आणि आज हे! ह्याला कळलं, दुसरं काय!

संपात मिल गेली, त्यानंतर जयवंत कैक वर्षं ट्रकवर क्लीनर म्हणून फिरला आणि कुठल्याशा मुक्कामावरून एचआयव्ही घेऊन आला. मालनशिवाय, म्हणजे बायकोशिवाय, कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलाला नाही, सुनेला नाही. महिन्यापूर्वी सरकारी इस्पितळातून गोळ्या सुरू झाल्या. रात्रीची गोळी पोटात गेली की सिनेमा लागल्यासारखी स्वप्नं पडायची. तो ओरडायचा, बरळायचा. "ह्या गोळीने होतं असं, बसेल हळूहळू," सिस्टर म्हणाल्या होत्या. त्यांचं काय जातं बोलायला! खोलीत मुलगा-सून, म्हणून म्हाताऱ्या बाप्यांची अंथरुणं गॅलरीत ओळीने. बरळलेलं सगळ्या मजल्याच्या कानात.

चार दिवसांपूर्वी कुशाबाने अंथरूण उचलून जिन्यापलीकडे नेलं. "ढेकूण झालेत," म्हणाला. मग मजल्यावरचा शामराव समोरून आला तरी बोलेना. नळावर रमाबाई हसता हसता गप्प झाली. जयवंतने झोपणंच सोडलं. डोळ्यांना पाणी लावायचा, मांडीला चिमटे काढायचा.

"आजाराचं नाव घेतलं असणार गं मी झोपेत," तो मालनला म्हणाला.

"घेतलं तर घेतलं. गोळी चुकवलीत ना, तर याद राखा!"

पाचव्या दिवशी दुपारी मुलगा-सून कामावर आणि मालन बाजारात गेलेली बघून त्याने कुशाबाला खोलीत ओढलंच. "काय ऐकलंस ते तोंडावर बोल."

"बोलू? 'साहेब, मला गाडीत घ्या, मी कामावर येतो, मागच्या गेटनं सोडा.' एक डाव न्हाई, चार राती वरडत हुतास. संपात आमी पोरास्नी पेज पाजत हुतो, माझी धाकटी त्यात गेली. आन् तू पोलिसांच्या गाडीतनं कामावर जात हुतास?"

जयवंतला आधी हसूच फुटलं. आजाराचं नव्हतंच! सुटलो रे देवा! मग कुशाबाचे शब्द नीट डोक्यात शिरले. संपफोड्या? तो? मालनचं डोरलं विकून खाल्लं, पण मिलची पायरी चढला नव्हता.

"स्वप्न होतं रे ते. मी गेलो नाही."

"रोज तेच सपान? मनात असल्याबिगर पडतंय व्हय?"

"औषधाने पडतात."

"कसलं औषध?"

गप्प बसावं, तर उरलेलं आयुष्य या चाळीत गद्दार म्हणून काढायचं. बोलावं, तर... मग जयवंत उठला. ट्रंकेच्या तळातून इस्पितळाचं हिरवं पुस्तक काढून त्याने कुशाबाच्या हातात ठेवलं.

"वाच."

कुशाबाने बोट ठेवून ठेवून वाचलं. पान उलटलं.

"वैनीस्नी ठाव हाय?"

"आहे."

"आन् गेला न्हवतास?"

"मालनची शपथ. एक दिवससुद्धा नाही."

कुशाबाने पुस्तक हळूच खाली ठेवलं आणि तो बाहेर गेला. गॅलरीत त्याचा आवाज चढला. "शामराव! परवा म्या तुला सांगितलं ते खोटं हाय. जयवंत संपात शेवटपातूर भाईर हुता. चूक माझी झाली. समद्यांनी ऐका!"

"मग तो झोपेत..."

"म्हातारा झालाय, बरळतोय. तू न्हाई बरळत?"

आजाराचं अवाक्षर नाही. जयवंतचे डोळे भरून आले. मित्र असावा तर असा! काहीतरी बोलावं म्हणून तो दारापर्यंत गेला.

कुशाबा गॅलरीच्या टोकाला नळाखाली वाकला होता. रमाबाईकडून कपड्यांचा साबण मागून घेऊन तो हात धूत होता. बोटं, तळवे, कोपरापर्यंत. धुऊन झाल्यावर त्याने पुन्हा साबण घेतला.

जयवंतने दार आवाज न करता लावून घेतलं.