सारख्या बरण्या

कुओपिओ शहरातलं ओउतीचं नवं घर म्हणजे एक खोली आणि बोळकांडीएवढं स्वयंपाकघर. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर तिला आणि तिच्या आठ वर्षांच्या लेकीला, पिह्लाला, एवढंच परवडत होतं. पण तिने घर मन लावून लावलं. दुकानामागे पडलेल्या सफरचंदांच्या पेट्या आणून भिंतीला ठोकल्या, त्यांचीच फळ्यांसारखी मांडणी झाली. जुन्या चादरीच्या पिशव्या शिवून त्यांत राय धान्याचं पीठ भरलं. लोणच्याच्या काचेच्या बरण्या उकळून घेतल्या, त्यांवरची लेबलं खरवडून काढली. प्लास्टिकचा एकही डबा विकत आणला नाही.

शनिवारी संध्याकाळी सासूबाई हेल्लेवी घर बघायला आल्या.

"दुकानासारखं लावलंयस गं. माझ्या मुलाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत."

"म्हणून तर तो तुमच्याकडे राहतो, आई."

हेल्लेवी हसल्या. मग त्यांची नजर सुक्या अळंबीच्या तीन बरण्यांवर गेली आणि तिथेच थांबली.

"ही मी दिलेलीच ना? कागदी पिशव्यांतली?"

"हो. पाच पिशव्या होत्या, तीन बरण्यांत बसवल्या. नाहीतरी सगळ्यांचा चुराच झाला होता."

"आणि पिशव्या?"

"कागदाच्या कचऱ्यात टाकल्या."

हेल्लेवींनी एक बरणी उघडून हुंगली. दिव्याखाली धरली. तपकिरी चुरा. कुठला कशाचा, सांगता येईना.

"एका पिशवीवर मी लिहिलं होतं," त्या हळू म्हणाल्या. "कोर्वासिएनी."

ओउतीच्या हातातला कप टेबलावर टेकला तो जरा जोरातच. वसंतात पाइनखाली उगवणारी ती सुरकुतलेली अळंबी तिथे सगळे ओळखतात. वाफही विषारी, म्हणून खिडकी उघडी ठेवून, भरपूर पाण्यात दोनदा उकळायची, दोन्ही वेळा पाणी फेकायचं, मगच ती पक्वान्न. नाहीतर ती यकृत खाते. ओउतीलाही हे लहानपणापासून ठाऊक होतं. पण पिशव्या ओतताना तिने बरण्यांकडे पाहिलं होतं, अक्षरांकडे नाही. आईंनी दिलेली, म्हणजे शरद ऋतूतली, बिनविषारीच असणार, असं ती धरून चालली होती.

"यातली वापरलीस?"

"सकाळी सूप केलं. भिजवली, आणि त्याच पाण्यात..."

"कोणी खाल्लं?"

टेबलाशी चित्र रंगवणाऱ्या पिह्लाने मान वर केली. "मी, मुम्मो," ती आजीला म्हणाली. "दोन वाट्या. आई पाव खाऊन राहिली, एकीपुरतंच होतं ना."

मग ओउतीने विषबाधेच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडचा आवाज शांत होता. त्रास सुरू होण्याची वाट बघू नका, लगेच रुग्णालयात न्या, अळंबी सोबत घ्या.

कुठली बरणी? तिन्ही स्वच्छ, तिन्ही सारख्या. सकाळी हात कुठल्या बरणीत घातला होता ते तिला आठवेना. तिने तिन्ही पिशवीत टाकल्या.

हेल्लेवी खाली बसून नातीच्या बुटांच्या नाड्या बांधत होत्या, एरवी तिला शिकवत बांधायच्या तशाच, सावकाश. "पोटात दुखतंय का गं, सोन्या?"

"नाही."

जिन्याच्या मधल्या वळणावर मात्र पिह्ला थांबली. तिने कठडा दोन्ही हातांनी धरला.

"आई, झोक्यावरून उतरल्यावर होतं ना, तसं होतंय."

ओउतीने तिला उचलून घेतलं. अजून दोन मजले उतरायचे होते.